तीनहात्यांच्या नावावरची भिंत

तीनहाते हे काही कुणाचं आडनाव नव्हे. गृहस्थ रंगारी होते. भिंतीला रंगाचे तीन हात दिल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन पडत नसे, म्हणून बाजारात त्यांना हे नाव पडलं आणि पुढे घरच्यांनाही तेच सोयीचं वाटू लागलं. गिऱ्हाईक काकुळतीला येऊन म्हणे, "अहो, दोन हातांत भागवा की. दिसायला सारखंच दिसतं." तीनहाते ब्रश डब्याच्या काठावर निथळत उत्तर देत, "आज दिसतं. वर्षानं दिसणार नाही, आणि तेव्हा लोक तुम्हाला नाही, मला नावं ठेवतील." तिसऱ्या हाताचे पैसे गिऱ्हाईक देई किंवा न देई. बहुधा न देई. हात मात्र पडायचाच.

इतक्या लोकांची घरं ज्यानं सजवली त्याचं स्वतःचं घर नव्हतं, ते नवरा-बायको एका गॅरेजवरच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत, यात खरं तर नवल काही नाही. पण त्या खोल्यांचीही एक हकिगत आहे. राहायला आले त्याच वर्षी तीनहात्यांनी हौसेनं दोन्ही खोल्या रंगवल्या. खरवडणं, पुट्टी, प्रायमर, घासकाम, मग तीन हात, सगळं पदरमोड करून. घरमालक भाडं न्यायला आले ते दारातच थबकले. आत येऊन त्यांनी भिंतीवरून तळहात फिरवला, तोंड भरून कौतुक केलं, आणि पुढल्या महिन्यापासून भाडं वाढवलं.

"अशा खोल्यांना सध्या हाच दर आहे," ते म्हणाले.

तीनहात्यांची बायको बेकरीत गल्ल्यावर बसत असे. दिवसभर सुटे पैसे मोजणाऱ्या माणसाला जग लवकर कळतं. ती म्हणाली, "अहो, लोक काम बिघडवून बुडतात. तुम्ही काम चांगलं करून बुडणार, बघा."

तीनहात्यांनी ते हसण्यावारी नेलं. ताईच्या घराचा विषय निघेपर्यंत त्यांना ते हसण्यासारखं वाटत होतं.

ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण. तिचे यजमान जाऊन काही वर्षं झाली होती. तळमजल्यावरच्या तीन खोल्या, मागे कपडे वाळत घालण्यापुरतं अंगण, असं तिचं घर. आता गुडघे बोलू लागले होते आणि परगावी असलेली मुलगी 'ये, ये' म्हणून मागे लागली होती. ताईनं एक दिवस भावाला बोलावलं आणि भाजी निवडता निवडता सांगून टाकलं, "हे घर बाहेरच्याला द्यायला माझा जीव होत नाही. तू घे."

"मी? कशाच्या जोरावर?"

"दर महिन्याला गॅरेजवाल्याला देतोस ते मला देत जा. थोडं वर घाल. माझं भागेल, तुझं घर होईल."

किंमत तिनं अशी सांगितली की तीनहात्यांना वाटलं, आपलं ऐकण्यात नाहीतर हिचं बोलण्यात काहीतरी चुकतंय. पण ताई ठाम होती. पलीकडचा चष्मेवाला रोख पैसे घेऊन टपलेला होता. त्याला मधली भिंत पाडून दुकान वाढवायचं होतं. ताई म्हणाली, "तो माझ्या स्वयंपाकघरात चष्म्यांच्या फ्रेमा टांगणार. त्यापेक्षा तुमच्या दोघांची भांडणं बरी."

किंमत हप्त्यानं द्यायची, पण खरेदी कर मात्र एकरकमी, दस्त नोंदवण्याआधी. बायकोनं बेकरीच्या कागदी पिशवीवर हिशेब मांडला. ताईनं सांगितलेल्या किमतीवर जो कर येत होता, तो त्यांच्या साठवणुकीत बसत होता. अगदी बोटात अंगठी घट्ट बसावी तसा, पण बसत होता. त्या दिवशी बायको पहिल्यांदाच म्हणाली, "आपल्या घरात मी खिडकीखाली बसायला कट्टा करून घेणार." आपल्या घरात हे दोन शब्द तिनं दोनदा म्हटले.

कर कार्यालयाच्या खिडकीत बसलेला कारकून मात्र दोन शब्दांवरच अडला.

"विकणाऱ्याशी नातं?"

"सख्खी बहीण."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "मग ही किंमत चालणार नाही."

"का बरं? तिनं सांगितली, मी कबूल केली. तिसऱ्या कुणाचा संबंध काय?"

"तिसरे आम्ही," कारकून म्हणाला. त्याला हे रोजचंच होतं. "नात्यात ठरते ती किंमत नसते, काका, ती माया असते. मायेवर कर बसवता येत नाही. आमच्या बाई येऊन घर बघतील, बाजारात काय येईल ते लिहितील. कर त्याच्यावर."

बायको मागून पुढे सरकली. "आणि बहिणीनं घर बक्षीस दिलं तर?"

"मग कर नाही. पण मग तुम्ही पैसेही द्यायचे नाहीत. द्यायचेत ना?"

द्यायचे होते. ताईचं पुढचं आयुष्य त्या हप्त्यांवरच चालायचं होतं. तिला मुलीच्या घरी राहायचं होतं, मुलीच्या जिवावर नाही.

"म्हणजे बहिणीचं घर फुकट लाटलं तर कर माफ, आणि प्रामाणिकपणे विकत घेतलं तर भुर्दंड," बायको म्हणाली.

"काकू, नियम मी केले नाहीत. मी फक्त खिडकी उघडतो," कारकून म्हणाला, आणि जेवणाची वेळ झाल्यामुळे त्यानं ती बंद केली.

तर सगळा खेळ आता त्या पाहणीवर आला. बाईंनी घराची किंमत जास्त लावली, की कर साठवणुकीच्या बाहेर जाणार. कर बाहेर गेला, की घर चष्मेवाल्याचं होणार. ताईनं तसं स्पष्ट सांगितलं होतं. तिनंही मुलीला किती दिवस 'येते, येते' म्हणायचं?

बायकोनं विचार केला, की घर जितकं वाईट दिसेल तितकं बरं. ती ताईकडे जाऊन म्हणाली, "ताई, त्या दिवशी पडदे काढून ठेवू. मोरीचा तुटका दरवाजा आहे तसाच राहू दे. आणि कपडे जरा आतच वाळत घालू."

ताईनं मान डोलवली. पण परका माणूस घर बघायला येणार आणि आपण पसारा मांडून बसायचं, हे तिच्या हाडात नव्हतं. पाहणीच्या दिवशी ही दोघं पोचली तेव्हा पडदे धुऊन इस्त्री करून लावलेले होते, नळ चकाकत होते, आणि मोरीच्या दाराला नवी बिजागरी होती. ताई म्हणाली, "सुताराला हाक मारली. म्हटलं, लोक काय म्हणतील?"

बायकोनं नवऱ्याकडे पाहिलं. नवरा दिवाणखान्याच्या भिंतीकडे पाहत होता.

त्या भिंतीचं सांगायला हवं. ती चष्मेवाल्याच्या बाजूची भिंत. पूर्वी तिला ओल येत असे. ताईच्या यजमानांनी निवृत्त झाल्यावर स्वतः सिमेंट कालवून, महिनाभर घरभर धूळ करून, ती दुरुस्त केली आणि जाहीर केलं, "आता हिला शंभर वर्षं पाण्याचा टिपूस दिसणार नाही." ते गेले. त्यानंतर काही महिन्यांनी तीनहाते ताईकडे सहज म्हणून आले, तर भिंतीच्या मध्यावर रंगाची झळाळी किंचित मेलेली दिसली. दुसऱ्या कुणाला ती दिसली नसती. रंगाऱ्याला दिसली. ताई शेजारीच बसून सांगत होती, "काही म्हण, ह्यांनी भिंत मात्र अशी केली की नाव निघेल." तीनहात्यांनी चहा संपवला. दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन आले. "एका कामातला थोडा रंग उरलाय. वाळून फुकट जाईल. या भिंतीला मारून टाकतो."

"मार बाबा," ताई म्हणाली. "तेवढाच हातांना व्यायाम."

तेव्हापासून दरवर्षी त्यांचा थोडा रंग उरत असे. नेमका त्याच साईच्या रंगाचा. ताईची नजर अधू होत गेली, त्यामुळे तिला कधी शंका आली नाही. आणि ओल दिसण्याइतकी तीनहात्यांनी तिला कधी वाढूच दिली नाही. डाग उठायच्या आधी खरवड, पुट्टी, आणि हात. अर्थात तीन. या वर्षीचं काम तर पाहणीची तारीख कळण्याआधी नुकतंच होऊन गेलं होतं. भिंत नवरीसारखी दिसत होती.

पाहणीच्या बाई आल्या. सपाट चपला, खांद्याला पिशवी, चेहऱ्यावर काहीच नाही. त्यांनी लांबी-रुंदी मोजली, छत पाहिलं, आणि शेवटी त्या भिंतीपाशी येऊन बोटाच्या पेरानं ठोकलं.

"या बाजूच्या बहुतेक घरांना इथे ओल असते. तुमची भिंत कोरडी कशी?"

"आमच्या ह्यांनी केली ना," ताई उजळून म्हणाली. "स्वतःच्या हातांनी. इतकी वर्षं झाली, टिपूस नाही."

बाईंनी तीनहात्यांकडे पाहिलं. "तुम्ही घेणार ना? तुम्हाला काही सांगायचंय? दोष वगैरे?"

बायकोनं त्यांच्या पाठीत कोपर खुपसलं. सांगायचं एकच वाक्य होतं, आणि ताई समोर उभी होती, नवऱ्याच्या भिंतीवर हात ठेवून.

"नाही," तीनहाते म्हणाले. "काम चांगलं आहे."

बाईंनी लिहिलं, 'स्थिती उत्तम'.

घराची जी किंमत लागली, ती वाचून तीनहात्यांनी कागद बायकोकडे दिला आणि बायकोनं तो उलटा करून पाहिला, जणू मागच्या बाजूला खरी किंमत असावी. कर साठवणुकीच्या सव्वापट होता. घरी आल्यावर ती बोलली.

"तोंड शिवलं होतं का तुमचं?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. उरलेला रंग, साईचा डबा, सगळं. तिनं ऐकून घेतलं. बराच वेळ तिला रागवावं की काय करावं तेच कळेना.

"म्हणजे दरवर्षी तुम्ही पदरचा रंग घालून आपल्याच कराची रक्कम वाढवत होता."

"तेव्हा कर कुठे होता?"

"आणि भावजी गेले, तरी त्यांची भिंत आपल्या डोक्यावर. बरं, आता?"

आता एकच वाट होती. फेरपाहणीचा अर्ज. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "कारण काय लिहू?" तीनहाते म्हणाले, "मूल्यांकन जास्त वाटतं."

"ते सगळ्यांनाच वाटतं. पुरावा?"

"भिंत देईल."

कारकुनानं एकदा त्यांच्याकडे नीट बघितलं आणि 'अर्जदारास वाटते' एवढंच लिहिलं. फेरपाहणीची तारीख चांगली लांबची मिळाली. सरकारी दिरंगाईवर खूश होणारा अर्जदार त्या खिडकीनं त्यापूर्वी पाहिला नसावा.

बेत अगदी सोपा होता. काहीही करायचं नाही. डाग येऊ द्यायचा. आयुष्यभर डाग घालवण्यात गेलेल्या माणसाला डागाची वाट बघणं किती कठीण जातं, हे त्याच्या बायकोलाच विचारावं. तीनहाते ताईकडे फिरकेनासे झाले, कारण गेलो तर हात शिवशिवेल ही भीती. बायकोच जाऊन येई. आली की हे दारात उभे.

"आला का?"

"आला. टाचणीच्या डोक्याएवढा."

पुढच्या खेपेला, "बशीएवढा झालाय. कडेनं पिवळाही दिसतो."

"ताईच्या लक्षात?"

"नाही. भिंतीला पाठ करून बसतात."

घरात तान्ह्या मुलाचं वजन विचारावं तसं चाललं होतं. आनंद व्हायचा आणि लाजही वाटायची. तीनहाते एकदा म्हणालेसुद्धा, "ताई ज्या दिवशी बघेल, त्या दिवशी तिला भावजी दुसऱ्यांदा गेल्यासारखं होईल." बायको म्हणाली, "बाई आल्या की दाखवू. नंतर तुम्ही लगेच रंगवून टाका. मी ब्रश धुऊन देईन." यापेक्षा मोठी सवलत तिनं कधी दिली नव्हती.

पण चष्मेवाला आडवा आला. म्हणजे मदतीलाच आला. ताईचं मन आपल्याकडे वळावं म्हणून त्यानं तिचे डोळे तपासून, नवा चष्मा करून, घरपोच आणून दिला. पैशाचं नाव नाही. ताईनं तो डोळ्यांना लावला, "अगबाई, किती लख्ख!" म्हणाली, वळली, आणि तिला भिंत दिसली.

फेरपाहणी दोन दिवसांवर होती.

ताईच्या मनात काय झालं असेल ते तिलाच ठाऊक. एवढं खरं, की तिला कराची आठवण झाली नाही. तिला वाटलं, आपण आपल्या धाकट्या भावाच्या गळ्यात ओलीचं घर मारतोय. त्याला काहीच माहीत नाही. तो बिचारा म्हणाला होता, काम चांगलं आहे. तो रंगारी, आत पाऊल टाकताच ओळखेल. मग हप्ते, व्यवहार, सगळंच फिसकटेल, आणि ह्यांच्या नावाला बट्टा तो वेगळाच. भावाला बोलावून रंगवून घेणं तर शक्यच नव्हतं. तिनं कोपऱ्यावरच्या दुकानात चौकशी केली. तिथे काउंटरला एका रंगाऱ्याचं कार्ड चिकटवलेलं होतं.

त्याला सगळे झटपट म्हणत. एका दिवसात एक खोली, हा त्याचा शब्द असे, आणि तो शब्द तो पाळी. तीनहाते त्याच्याबद्दल म्हणत, "तो रंग लावत नाही. भिंतीला रंगाची धमकी देतो." झटपट आला, ओल्या डागावर सरळ ब्रश फिरवला, साय मिळाली नाही म्हणून जवळपासचा बदामी रंग वापरला, निम्मे पैसे घेतले आणि जेवायच्या आत गेला.

फेरपाहणीच्या दिवशी तीनहाते दारातून आत आले आणि जागच्या जागी उभे राहिले. भिंतीच्या मध्यावर टेबलाएवढा बदामी तुकडा. ब्रशचे फराटे. खाली दोन ओघळ, थेट फरशीपर्यंत. कडा अशा की कुणी घाईत पुसलंय की रंगवलंय ते कळू नये. बायकोनं "अहो" एवढंच म्हटलं. ताई त्या तुकड्यासमोर खुर्ची ओढून बसली होती, नवा चष्मा लावून, दोन्ही हात मांडीवर, आणि भावाच्या नजरेला नजर देत नव्हती.

मागोमाग बाई आल्या. या खेपेला मोजपट्टी त्यांनी काढलीच नाही. दारातच त्यांनी नाक वर केलं.

"रंगाचा वास. ताजा."

बाईंनी ताईला नम्रपणे खुर्चीवरून उठवलं, पिशवीतून स्वतःच्या घराची किल्ली काढली आणि तिच्या दातानं बदामी तुकडा खरवडला. ओल्या भिंतीवरचा रंग तो. एक खपलीच हातात आली, जाड, आणि तिच्यामागे काळपट, भिजलेलं प्लास्टर.

"मागच्या वेळी इथे मी 'उत्तम' लिहून गेले," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं, आणि ते फारसं बरं नव्हतं. "पाहणीआधी दोष झाकणं हा गुन्हा आहे. मालकाला दंड होतो. हे कुणी केलं?"

ताईनं तोंड उघडलं.

"मी," तीनहाते म्हणाले.

"तुम्ही घेणारे ना?"

"हो."

"म्हणजे तुम्हीच ओल झाकलीत. स्वतःचा कर वाढवायला."

"सवय हो, बाई. डाग दिसला की हात राहत नाही." आणि गंमत म्हणजे या वाक्यात खोटं काही नव्हतं.

बाईंनी हातातला कागद पाहिला. "व्यवसाय: रंगकाम," त्यांनी वाचलं. मग तो तुकडा पाहिला. मग ओघळ पाहिले, अगदी फरशीपर्यंत. "तुम्ही लोकांचं काम असंच करता?"

तीनहात्यांचं तोंड त्या तुकड्याहून वाईट झालं होतं. आयुष्यात त्यांना शिव्या मिळाल्या होत्या त्या वेळ लावण्याबद्दल आणि पैसे जास्त सांगण्याबद्दल. कामाबद्दल कुणी ब्र काढला नव्हता. 'हे माझं नाही' हे तीन शब्द त्यांच्या जिभेच्या टोकावर येऊन उभे राहिले. मागे बायकोचा श्वास ऐकू येत होता. ताई खुर्चीची पाठ घट्ट धरून उभी होती.

"वय झालं," ते म्हणाले. "आजकाल दिसत नाही नीट."

बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. विकणाऱ्यानं दोष झाकला तर काय, ते तिथे सविस्तर होतं. घेणाऱ्यानं झाकला तर काय, याबद्दल एक ओळ नव्हती. असा माणूस नियम करणाऱ्यांना भेटलेला नसावा. तेव्हा दंड टळला. बाई लिहू लागल्या. तीनहात्यांना उलटं वाचायची सवय होती, गिऱ्हाइकांचे हिशेब समोर बसून वाचण्याची. 'भिंतीस तीव्र ओल. रंगकाम अत्यंत निकृष्ट, खरेदीदाराने स्वतः केलेले.'

किंमत खाली आली. चांगलीच खाली आली. कर साठवणुकीत बसला, आणि खिडकीखालच्या कट्ट्यापुरतं थोडं उरलंही.

बाई गेल्यावर ताईनं जमिनीवर पडलेली ती खपली उचलली. नवा चष्मा नाकावर सरकवला आणि खपलीची कड उजेडाकडे धरली. सगळ्यांत वर बदामी. सगळ्यांत खाली निळा, यजमानांच्या वेळचा. आणि मधे साय, साय, साय, वहीची पानं असावीत तसे पापुद्रे, एकावर एक.

"एवढा रंग उरायचा तुझा?" ती म्हणाली.

तीनहाते फरशीवरचे ओघळ नखानं काढत बसले होते.

"तुला माहीत होतं. किंमत ठरवतानासुद्धा माहीत होतं. तरी बोलला नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?"

"आणि ह्यांचं काम..."

"भावजींनी केलं तेवढं पक्कंच आहे, ताई. ते बघ, सिमेंट कुठे हललंय? पाणी पलीकडून येतं. चष्मेवाल्याच्या न्हाणीतून."

ताईनं सावकाश चष्मा काढला आणि हातात धरून त्याच्याकडे बघितलं. "आणि मी या मेल्याचे आभार मानले."

मग तिनं दुसराच वाद सुरू केला. ओलीच्या घराचे एवढे पैसे घेणार नाही म्हणाली. तीनहाते म्हणाले, ओल मला ठाऊक होती, ठरलं तेच देणार. ती म्हणाली, मी मोठी की तू मोठा? हे म्हणाले, मोठी असलीस तरी हिशेबात कच्ची. आवाज चढले. शेवटी बायको मधे पडली.

"आता आणखी किंमत कमी केलीत तर त्या बाई परत येतील, माया बघायला. आहे तीच राहू द्या. आणि ताई, त्या रंगाऱ्याचे राहिलेले पैसे कुणी द्यायचे ते तेवढं सांगा."

ताई मुलीकडे गेली. जाण्याआधी ती चष्मेवाल्याच्या दुकानात गेली, चष्म्याचे पैसे काउंटरवर मोजून ठेवले आणि गिऱ्हाइकांदेखत त्याच्या न्हाणीबद्दल असं काही बोलली की आठवड्यात त्याच्याकडे नळदुरुस्तीवाला आला.

तीनहाते राहायला आले. पहिल्याच सकाळी दारावर झटपट हजर.

"मास्तर, आजीबाईंकडून निम्मे यायचे होते."

तीनहात्यांनी पैसे मोजून दिले. झटपटनं मान लांब करून आत पाहिलं. खरवडलेला भाग सोडला तर त्याचं काम अजून तसंच होतं.

"काही कमी-जास्त वाटलं का कामात?"

"नाही," तीनहाते म्हणाले. "घर मिळालं त्याच्यामुळे."

हे वाक्य झटपटनं गाठीशी बांधलं. महिनाभरात बाजारात सगळ्यांना कळलं, की खुद्द तीनहात्यांनी स्वतःच्या घरासाठी झटपटला बोलावलं आणि वर खूश होऊन म्हणाले की घर याच्यामुळे मिळालं. झटपटनं दर वाढवला. जुनी गिऱ्हाइकं येऊन विचारू लागली, "काय हो, खरं का?" आता नाही म्हणावं, तर मग ती भिंत कुणी रंगवली? कर कार्यालयाच्या कागदावर सहीशिक्क्यानिशी तीनहात्यांचंच नाव होतं. तीनहात्यांनी बराच विचार केला आणि दोन वाइटांतलं बरं निवडलं. "हो," ते म्हणत. "त्याचंच काम. माणूस वेगवान आहे."

भिंत वाळायला वेळ लागला. पूर्ण वाळली तेव्हा सुट्टीच्या दिवशी तीनहात्यांनी शिडी लावली. सगळं खरवडून काढलं, पार निळ्यापर्यंत, फक्त यजमानांच्या सिमेंटला हात लावला नाही. पुट्टी कालवली. बायको नव्या कट्ट्यावर बसून बघत होती.

"किती हात देणार?"

"म्हणजे काय? तीन."

ती उठली आणि रस्त्याकडचे पडदे एकेक करून ओढून घेतले.

"द्या," ती म्हणाली. "पण कुणाला दिसता कामा नये. पुन्हा किंमत वाढायची."